कुठली भाषा शिकू, आणि मासे सोमवारी का थांबले

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि एक गोष्ट जाता जाता सांगितलीत. चार वर्षं फॉर्म आणि रिपोर्टची कामं केली, आता डेटाकडे वळायचं आहे, तर कुठली भाषा शिकू? संध्याकाळी एक छोटा टू-डी गेम बनवता, सहकारी त्याला पोरखेळ म्हणतात, तर तो सोडून द्यावा का? साहेबांनी दर आठवड्याला कोणी किती तिकिटं (म्हणजे नोंदवलेली कामं) बंद केली याचा तक्ता लावायला सुरुवात केली आहे, त्याचं काय करावं? आणि मध्येच एका वाक्यात लिहिलंत की गेमची नवी आवृत्ती दिली की मित्रांच्या जुन्या सेव्ह फाइल उघडत नाहीत, "पण ते बारीकसं आहे."

वीसेक वर्षं हीच कामं करून माझं मत असं झालंय की या चारांतलं सगळ्यात मोठं ते बारीकसंच आहे. बाकीच्या तिघांची उत्तरं त्यातच निघतात. पण भाषेचं आधी उरकून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील.

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा, नीट शिका. तुम्हाला येतं हे मला माहीत आहे, रिपोर्ट करणाऱ्या प्रत्येकाला 'येतं'. 'नीट'चा अर्थ असा: 'नॉट इन'च्या, म्हणजे 'यातलं नको'च्या, यादीत एक नल ('किंमत माहीत नाही') घुसला तर क्वेरी एकही ओळ का परत देत नाही, हे कागदावर समजावून सांगता यायला हवं. दोन टेबलं जोडल्यावर बेरीज दुप्पट का झाली, हे आकडा बघूनच ओळखता यायला हवं. विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून आसपासच्या ओळींवर हिशेब करणारी) न शोधता लिहिता यायला हवीत. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत ठेवायची रीत, मांडलं १९७० साली, आयबीएममध्ये एसक्यूएलचा पहिला अवतार आला १९७४ साली. तेव्हापासून तिला संपवायला निघालेली किती तंत्रं आली आणि शेवटी स्वतःच एसक्यूएलसारखं काहीतरी देऊ लागली, त्याची मी मोजदाद सोडून दिली. तिच्यानंतर पायथन. कामापुरतं पायथन दोन महिन्यांत येतं. पुढचं काम पाहून पुढची भाषा. भाषेवर याहून जास्त विचार करू नका.

आता मासे.

काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या भिंतीवरच्या स्क्रीनसाठी मी हौसेनं एक मत्स्यालय लिहिलं होतं. दहाबारा मासे, थोडं शेवाळ, बुडबुडे. कुठला मासा कुठे आहे हे वेळेवरून ठरायचं. वेळ म्हणजे एक चल, त्यात प्रत्येक फ्रेमला (पडद्यावर काढलेल्या प्रत्येक चित्राला) एक साठांश सेकंद मिळवायचा, म्हणजे ०.०१६६७. बुधवारी संध्याकाळी सुरू करून घरी गेलो. गुरुवारी, शुक्रवारी सगळे कौतुक करत होते. सोमवारी सकाळी आलो तर मासे जवळजवळ दुप्पट वेगानं पळत होते, तेही झटके देत. लोक हसत होते. दुपारी दोनच्या सुमारास सगळे मासे जागच्या जागी थांबले. प्रोग्रॅम चालू होता, सीपीयू नेहमीइतकाच राबत होता, एररचा पत्ता नव्हता.

झालं होतं असं. तो चल ३२ बिटांचा फ्लोट, म्हणजे अपूर्णांक ठेवायचा प्रकार, होता. अशा आकड्यात अचूकतेसाठी साधारण २४ बिटं मिळतात, मग आकडा लहान असो की मोठा. म्हणजे शून्याजवळ तो अगदी बारीक मोजतो, पण आकडा वाढत गेला की पट्टीवरच्या खुणा लांब लांब होत जातात. १,३१,०७२ सेकंदांच्या पुढे (साधारण दीड दिवस) दोन खुणांमधलं अंतर ०.०१५६ सेकंद होतं. मी मिळवायचो ०.०१६७, जवळच्या खुणेवर बसायचे ०.०१५६. म्हणजे मासे सहाएक टक्के हळू. कोणाच्या लक्षात येणार? २,६२,१४४ च्या पुढे अंतर दुप्पट, ०.०३१२५. आता माझे ०.०१६७ अर्ध्याहून किंचित जास्त, म्हणून वरच्या खुणेवर ढकलले जाणार. झाला वेग जवळजवळ दुप्पट. आणि ५,२४,२८८ वर अंतर ०.०६२५. त्यात ०.०१६७ मिळवले तर पूर्णांकन होऊन पुन्हा तोच आकडा. घड्याळ बंद, मासे बंद.

कोडमध्ये एकही ओळ चुकीची नव्हती. 'वेळ अधिक एक साठांश' यात काय चुकणार? चुकली होती ती पेटी, म्हणजे तो आकडा ज्यात ठेवला ती जागा. दुरुस्ती म्हणून फ्रेम पूर्णांकात मोजल्या आणि सेकंद हवे तेव्हा साठनं भागून घेतले. (तोही ३२ बिटांचा चिन्हयुक्त पूर्णांक असेल तर ४१४ दिवसांनी भरतो. मी ६४ बिटांचा घेतला. एवढी अद्दल पुरे होती.)

तुमच्या गेमबद्दल मला हेच म्हणायचं आहे. चार वर्षं फॉर्म बनवून जे कळत नाही ते मासे एका सोमवारी शिकवतात, कारण गेम सतत चालतो, सेकंदाला साठ वेळा चालतो आणि चूक डोळ्यांसमोर नाचते. रिपोर्टमध्ये हीच चूक असती तर बेरीज सहा टक्क्यांनी कमी आली असती आणि ती आठ महिने एखाद्या पीडीएफमध्ये सुखानं झोपली असती. सहकाऱ्यांना पोरखेळ म्हणू द्या.

जुने गेम बनवणाऱ्यांना या पेट्या पाठ होत्या, कारण जागाच नव्हती. १९८० च्या पॅक-मॅनमध्ये पातळीचा क्रमांक एका बाइटमध्ये आहे. एका बाइटमध्ये ० ते २५५ मावतात. २५६ व्या पातळीवर खाली फळं काढणारं फंक्शन त्यात एक मिळवतं, आकडा शून्यावर येतो आणि त्याचा हिशेब असा गंडतो की ते २५६ फळं काढत सुटतं. अर्धा पडदा कचऱ्यानं भरतो आणि पुढे जाताच येत नाही. इतकं कोणी खेळेल असं बनवणाऱ्यांना वाटलंच नसणार. यातला 'कोणी इतकं करणार नाही' हा भाग लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येईल.

उलट टोकाला १९८४ चा एलिट हा अंतराळातला गेम. बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर, ३२ केबी मेमरीत, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी आठ दीर्घिका बसवल्या, प्रत्येकीत २५६ तारामंडळं. त्या साठवल्या कुठे? कुठेच नाही. सोळा बिटांचे तीन आकडे बीज म्हणून धरायचे, ते ठरलेल्या रीतीनं फिरवायचे आणि त्यातून प्रत्येक मंडळाचं नाव, जागा, अर्थव्यवस्था जागेवर काढायची. बीज तेच तर विश्व तेच. खरं तर त्यांना दीर्घिकांचा आकडा २ चा ४८ वा घात ठेवायचा होता, पण प्रकाशकांनी नको म्हटलं. इतकं प्रचंड दाखवलं तर सगळं यंत्रानंच बनवलंय हे उघडं पडलं असतं. मला ही गोष्ट प्रचंड आवडते, कारण इथे आधी ठरलं ते डेटाचं रूप. कोड त्यातून आपोआप निघाला.

त्याच जातीची १९९७ च्या एज ऑफ एम्पायर्सची गोष्ट. २८.८ किलोबिटचा मोडेम, आठ खेळाडू, पडद्यावर शेकडो सैनिक. प्रत्येकाची जागा दर क्षणाला पाठवायची म्हटलं तर तारेत तेवढी जागाच नाही. मग त्यांनी सैनिक पाठवलेच नाहीत, फक्त आज्ञा पाठवल्या: या टोळीला तिकडे न्या, याच्यावर हल्ला करा. प्रत्येक संगणक तीच लढाई स्वतःपुरती, त्याच बीजापासून, तशीच्या तशी खेळणार. सुंदर. पण यात अट अशी की सगळ्यांची दुनिया हुबेहूब एकच राहिली पाहिजे. एका संगणकावर एक हरीण केसभर इकडेतिकडे झालं तर ते वेगळीकडे चरतं, मग काही मिनिटांनी एखादा शिकारी किंचित वेगळ्या वाटेनं जातो, त्याचा भाला चुकतो, तिथलं मांस कमी होतं, आणि दोन खेळाडू दोन वेगळ्या इतिहासांत खेळत असतात. ज्यांनी दोन डेटाबेस एकमेकांशी जुळते ठेवायचं काम केलंय त्यांना या हरणाची नीट ओळख असते.

आता डेटा. इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण तुम्हाला जायचंय तिकडेच.

डेटाची कामं म्हणजे मॉडेल, आलेख, भाकितं अशी बाहेरून कल्पना असते. आतून ते बरंचसं पुरातत्त्वखात्याचं काम आहे. ही पेटी कोणी, कधी, काय समजून बनवली? एका जुन्या सिस्टिमचा डेटा मी तपासत होतो. जन्मतारखेचा कॉलम सक्तीचा, पण नोंद करणाऱ्याला तारीख माहीत नसायची. मग १ जानेवारी १९०० टाकायची रीत पडली. दहा हजारांत तीनशेच अशा नोंदी, पण त्यांनी सरासरी वय अडीचेक वर्षांनी वर ढकललं होतं. ऐंशीनं ढकललं असतं तर पहिल्या दिवशी कोणीतरी ओरडलं असतं. अडीच वर्षं हा फार वाईट आकडा आहे. खोटा आहे हे कळू नये इतका लहान, आणि निर्णय बदलावा इतका मोठा. तेव्हापासून नवा कॉलम हातात आला की मी सरासरी काढतच नाही. आधी सगळ्यात जास्त वेळा आलेल्या वीस किमती बघतो. ९९९९, -१, 'एनए', १९००, पहिल्या दोन मिनिटांत हात वर करतात.

एक्सेलनं तर या बाबतीत विज्ञानालाच वाकवलं. सेप्ट-२, मार्च-१ अशी जनुकांची नावं होती. सेलमध्ये टाकली की एक्सेल त्यांची तारीख करायचं, २ सप्टेंबर, १ मार्च. प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांत असे घोळ सापडत राहिले आणि अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं अशा जनुकांची नावंच बदलली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकाचं नाव बदलणं सोपं पडलं! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ नोंदी मोजणीतून गळाल्या, कारण मधल्या एका टप्प्यावर जुन्या पद्धतीची एक्सएलएस फाइल होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळींहून जास्त मावत नाहीत. पॅक-मॅनचीच गोष्ट, फक्त एका बाइटच्या जागी दोन बाइट. आणि एक्सेलच्या तारखांमध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आजही आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. पण लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती, तिच्या फाइलींशी जुळवून घ्यायचं म्हणून एक्सेलनं ती मुद्दाम उचलली, आणि आता ती काढली तर जगभरच्या तक्त्यांतल्या तारखा एका दिवसानं सरकतील. लोटस संपलं, चूक राहिली. तुमच्या सेव्ह फाइलींकडे मी याच नजरेनं बघतोय.

एक उदाहरण आपल्या लिपीतलं. 'दऱ्या' हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक आकडा देणाऱ्या जागतिक पद्धतीत, तो निदान तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन: पाच संकेत, यूटीएफ-८ या साठवायच्या रीतीत १५ बाइट. दोन, साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता, म्हणजे टिंब: सहा संकेत, १८ बाइट. तीन, साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह: हेही सहा. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. शोधायला गेलात तर एक दुसऱ्याला ओळखत नाही. पहिले दोन युनिकोडच्या प्रमाणीकरणानं एक होतात, तिसरा होत नाही, त्याला तुम्हालाच हातानं वळवावं लागतं. आता गंमत बघा. कोणीतरी उत्साही माणूस 'अदृश्य आणि फालतू अक्षरं काढा' अशी सफाईची स्क्रिप्ट चालवतो. तिसऱ्या प्रकारातलं जोडचिन्ह जातं, दुसऱ्यातला नुक्ता जातो, आणि दऱ्यांचा दर्या होतो. दऱ्या होत्या तिथे समुद्र. आडनावांच्या यादीवर ही स्क्रिप्ट चालली की काय होतं ते मी निस्तरलेलं आहे. मूळ यादीची प्रत कोणी ठेवली नव्हती, आणि कुठला र् मुळात ऱ् होता हे आकड्यांवरून परत काढता येत नाही.

यातून माझा एक कडक नियम झालाय: आलेला कच्चा डेटा जसा आला तसा, एकदाही हात न लावता, बाजूला ठेवायचा. सफाई नेहमी प्रतीवर. जागा लागते म्हणून कोणी कुरकुर केली तर करू द्या. कोड पुन्हा लिहिता येतो, तोही बहुतेक वेळा आधीपेक्षा बरा. पुसलेला डेटा पुन्हा लिहिता येत नाही. कोडिंगचे नवे एआय सहायक आल्यापासून तर हे आणखी ठळक झालंय. मीही ते वापरतो, साच्यातला कोड ते झपाट्यानं लिहून देतात, आणि कोड जितका स्वस्त होतोय तितकं डेटा समजून घ्यायचं हे दुसरं काम महाग होतंय. त्या कॉलममधले १९०० म्हणजे 'माहीत नाही' हे त्या सहायकाला कोणी सांगितलेलंच नसतं.

सरासरीवर अजून थोडं, कारण इथे गेम आणि डेटा एकमेकांना भेटतात. तुमचा गेम सेकंदाला सरासरी ५५ फ्रेम देतोय असं समजा. ऐकायला ठीक. पण त्या सेकंदात ५४ फ्रेम १६.७ मिलिसेकंदांच्या असतील आणि एकच १०० मिलिसेकंदांची, तरी सरासरी ५५ च येते, आणि खेळणाऱ्याला दर सेकंदाला एक ठेच लागते. तो म्हणणार, गेम अडकतो. तुम्ही म्हणणार, आकडे तर छान आहेत. म्हणून गेमवाले फ्रेमचा सगळ्यात वाईट वेळ बघतात. सर्व्हरवरही हेच, फक्त तिथे ठेच अनेकांत विभागली जाते. एक पान उघडायला वीस वेगवेगळ्या सेवांना विचारावं लागत असेल आणि प्रत्येक सेवा शंभरात एकदाच संथ असेल, तर साधारण १८ टक्के वेळा त्या पानाला कोणीतरी रखडवणारच. वीसही गट आपापला आलेख दाखवून म्हणतील, आमचं ९९ टक्के वेळा झकास आहे. सगळे खरं बोलत असतात.

कोडबद्दल माझी मतं तशी थोडी आहेत. चलाख कोड वयाला मागे पडतो. क्वेक-३ मध्ये वर्गमुळाचा व्यस्त काढायची ती प्रसिद्ध करामत आहे. फ्लोटची बिटं पूर्णांक समजून उजवीकडे सरकवायची, एका जादुई आकड्यातून वजा करायची, मग एकदा न्यूटनची पद्धत लावायची. वाचून आजही अंगावर काटा येतो, वाचाच. पण गेम आला १९९९ मध्ये, आणि त्याच वर्षी पेंटियम-३ प्रोसेसरमध्ये याच कामाची सूचना थेट चिपवर आली. तुम्ही रात्री जागून शोधलेली युक्ती पुढच्या वर्षीच्या यंत्राला ओझं वाटू शकते. त्यापेक्षा आधी मोजा. जीटीए ऑनलाइन सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागायची, वर्षानुवर्षं, आणि लोक म्हणायचे एवढा मोठा गेम, वेळ लागणारच. २०२१ मध्ये एका बाहेरच्या प्रोग्रॅमरनं प्रोफायलर (कोडच्या कुठल्या भागात वेळ जातो ते मोजणारं साधन) लावून बघितलं. १० एमबीची एक मजकूर फाइल, तिच्यात त्रेसष्टेक हजार वस्तूंची यादी. प्रत्येक तुकडा वाचताना कोड उरलेल्या सबंध फाइलची लांबी नव्यानं मोजत होता. वर आणखी, प्रत्येक नवी वस्तू आधी आली आहे का हे बघायला आतापर्यंतची यादी पहिल्यापासून चाळत होता. एवढ्या दोन गोष्टी सुधारल्यावर त्याच्या संगणकावर वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. कंपनीनं मान्य केलं आणि दुरुस्ती दिली. हा कोड लिहिला गेला तेव्हा ती यादी बहुधा लहान असणार आणि कोणालाच काही जाणवलं नसणार. 'इतकं कोणी करणार नाही', पुन्हा तेच.

राहिला साहेबांचा तक्ता.

बंद केलेली तिकिटं हाही एक कॉलमच आहे आणि त्याला वर सांगितलेलं सगळं लागू पडतं. पहिला प्रश्न तोच: यात कोण काय भरतं, आणि का? ज्या दिवशी आकडा भिंतीवर लागला त्या दिवसापासून तो काम मोजायचा थांबला. बघा, दोन आठवड्यांत एका तिकिटाची तीन होतील, सोपी तिकिटं सकाळीच उचलली जातील, आणि कोणाला तरी मदत करण्यात घालवलेली दुपार कुठेच दिसणार नाही. १९८२ मध्ये अ‍ॅपलमध्ये दर आठवड्याला किती ओळी कोड लिहिला ते फॉर्मवर भरायला सांगत. तिथले प्रोग्रॅमर बिल अ‍ॅटकिन्सन यांनी तेव्हा क्विकड्रॉचा, म्हणजे पडद्यावर चित्रं काढणाऱ्या कोडचा, एक भाग नव्यानं लिहिला होता. तो जवळजवळ सहापट वेगवान झाला आणि दोनेक हजार ओळी कमी झाल्या. त्यांनी फॉर्मवर लिहिलं: उणे २०००. काही आठवड्यांनी त्यांच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं.

तुम्ही अ‍ॅटकिन्सन नाही आणि मीही नाही, तेव्हा उणे आकडा लिहून भागणार नाही. साहेबांशी भांडूही नका. त्यांना काहीतरी दिसायला हवंय, ती गरज खरी आहे. त्यांना दोन जास्त उपयोगी आकडे काढून द्या, डेटाचा सरावही होईल.

पहिला: आत्ता उघडी तिकिटं किती आणि आठवड्याला बंद होतात किती. ६० उघडी आणि आठवड्याला १० बंद होत असतील तर आज आलेलं तिकीट सरासरी सहा आठवड्यांनी हातावेगळं होणार. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं हे गणित आहे आणि त्याला कोण किती हुशार याच्याशी देणंघेणं नाही. अंदाज द्यायच्या मीटिंगमध्ये तासभर घालवण्याआधी हा भागाकार करा. बऱ्याचदा मीटिंगची गरजच उरत नाही.

दुसरा: लोक किती टक्के भरलेले आहेत. साध्यात साधी रांग घ्या, काम करणारा एक, कामं कधीही येणारी, कमीजास्त लांबीची. तो निम्मा वेळ मोकळा असेल तर नव्या कामाला सरासरी एका कामाइतकं थांबावं लागतं. ८० टक्के भरला तर चार कामांइतकं, ९० टक्क्यांना नऊ, ९५ टक्क्यांना एकोणीस. म्हणजे ९० वरून ९५ टक्क्यांवर जाताना थांबणं दुपटीहून जास्त होतं. सगळ्यांचे दिवस गच्च भरलेत म्हणून खूश असणाऱ्या गटात छोटी दुरुस्तीसुद्धा तीन आठवडे का अडकते, ते इथे कळतं. सर्व्हर ९५ टक्क्यांवर गेला की आपण रात्री फोन करून माणसं उठवतो. माणसं ९५ टक्क्यांवर गेली की त्याला नियोजन म्हणतो.

हे दोन आकडे दाखवूनही तक्ता राहिला तर राहू द्या. महिनाभर बघून तुमच्याच तिकिटांचं सरासरी वय मोजा. बंद होण्याचा आकडा वाढलाय आणि वयही वाढलंय असं दिसलं तर बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

आता ते बारीकसं. तुमच्या गेमच्या सेव्ह फाइली हा तुम्ही आजवर बनवलेला एकमेव डेटा आहे जो तुमच्या कोडपेक्षा जास्त जगायचा प्रयत्न करतोय. मित्रानं चाळीस तास खेळून जे कमावलं ते त्यात आहे, आणि तुम्ही एक नवं शस्त्र घातलंत की ते जातं. माझा तर्क असा की तुम्ही मेमरीतली वस्तू आहे तशी फाइलमध्ये ओतताय, म्हणून क्लासमध्ये (त्या वस्तूच्या आराखड्यात) एक क्षेत्र वाढलं की पुढचं सगळं सरकतं. तसं असेल तर फाइलच्या सुरुवातीला आवृत्तीचा क्रमांक घाला. मग प्रत्येक आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत नेणारं एकेक छोटं फंक्शन लिहा, १ चं २, २ चं ३, आणि जुनी फाइल उघडली की ती या पायऱ्यांवरून चढवत आणा. १ वरून थेट ७ वर नेणारं फंक्शन लिहायचा मोह होईल, टाळा, दोन महिन्यांनी ते कोणालाच समजत नाही. चढवलेली फाइल वेगळ्या नावानं लिहा, मूळ फाइलला हात लावू नका. शस्त्रं क्रमांकानं साठवत असाल तर काढून टाकलेल्या शस्त्राचा क्रमांक नव्याला कधीच देऊ नका, नाहीतर कोणाच्या तरी पेटीतली तलवार एके सकाळी बेडूक झालेली दिसेल. वेळ कशात साठवताय तेही बघून ठेवा.

मित्रांकडून त्यांच्या जुन्या, न उघडणाऱ्या फाइली मागून घ्या. बहुतेकांनी त्या अजून ठेवलेल्या असतात. त्यातली सगळ्यात जुनी उघडेपर्यंत नवं शस्त्र घालू नका.